शेवंड आणि पाव

मुंबईच्या मोठ्या उपाहारगृहांत आणि मांडवा-किहीमच्या बाजूस शहरी लोकांनीं बांधलेल्या बंगल्यांत अलीकडे एक पदार्थ मानाचा समजला जाऊं लागला आहे. लांबट पाव वरून चिरावयाचा, लोण्यावर भाजावयाचा आणि त्यांत शेवंडीचें शिजवून गार केलेलें मांस अंड्याच्या बलकाच्या घट्ट रसांत कालवून भरावयाचें, असा तो प्रकार आहे. इंग्रजींत त्यास लॉबस्टर रोल म्हणतात. अमेरिकेंत कनेटिकट संस्थानांतील मिलफर्ड गांवीं पेरी नांवाच्या एका खाणावळींत १९२९ च्या सुमारास तो प्रथम विकला गेला, असें तिकडील लोक सांगतात. तो मात्र ऊन लोण्यांत न्हालेला होता. गार कोशिंबिरीचा प्रकार मेन प्रांताच्या नांवानें प्रसिद्ध आहे. हा पदार्थ सर्वस्वीं परका आहे असें समजून आमची वडील मंडळी त्यास नाक मुरडतात, आणि नेमक्या त्याच समजुतीनें तरुण मंडळी त्यावर लुब्ध होतात. इतिहास पाहूं गेल्यास या दोन्ही पक्षांची समजूत अर्धवट आहे असें दिसून येतें. पाव काय आणि शेवंड काय, दोहोंचेंही रायगडच्या किनाऱ्याशीं फार जुनें नातें आहे. मात्र त्या दोहोंस एका ताटांत येण्यास चारशें वर्षांहून अधिक काळ लागला. तो कां लागला, हाच येथें खरा प्रश्न आहे.

प्रथम शेवंडीविषयीं. इंग्रजी शिकलेल्या आमच्या पुष्कळ मुलांस लॉबस्टर हा प्राणी ॲलिसच्या गोष्टींत आधीं भेटतो आणि शेवंड मागाहून, किंवा मुळींच नाहीं. शिवाय तो लॉबस्टर आणि आपली शेवंड हे एक नव्हेत. अटलांटिक महासागरांतील लॉबस्टरास पुढें दोन भल्या मोठ्या नांग्या असतात व तिकडचे खवय्ये त्यांतील मांसावरच जीव टाकतात. आपल्या शेवंडीस नांग्या नाहींत. तिला आहेत त्या अंगाहून लांब अशा कांटेरी मिशा. तिचें सारें वैभव शेपटींत. आपल्या उत्तर कोकणांत मुख्यत्वें जी जात सांपडते ती हिरवट रंगाची असून तिच्या शेपटीच्या प्रत्येक वळ्यावर बारीक पांढुरकी आडवी रेघ असते. हिला गढूळ पाणी आणि चिखलाचा तळ मानवतो. म्हणून नद्यांचा गाळ जेथें समुद्रास मिळतो त्या खाड्यांच्या तोंडांसमोर ती राहते. शिजविल्यावर हा हिरवा रंग जाऊन ती लालभडक होते. लाल रंग तिच्या कवचांत पहिल्यापासूनच असतो. तो एका प्रथिनाशीं जखडलेला असल्यामुळें हिरवट-निळसर दिसतो, आणि उष्णतेनें ती गांठ सुटली म्हणजे मोकळा होतो.

या किनाऱ्यावरील चौल हें बंदर अतिप्राचीन. ग्रीक लेखकांनीं त्याचा उल्लेख केला आहे. अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास येथें आला तेव्हां त्याला येथें मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आढळली. ज्या बंदरांत इतक्या देशांचे लोक उतरले, तेथें कोणीं काय खावें व काय खाऊं नये याचे निर्बंधही तितकेच नानाविध असणार. शेवंड ही या निर्बंधांची एक चांगली कसोटी आहे. कोळी, भंडारी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभु यांस ती चालते. चित्पावनास कोणतीच मासळी चालत नाहीं, मग शेवंड कोठून चालणार! कोकणी मुसलमान शाफई पंथाचे असल्यामुळें समुद्रांतील यच्चयावत् प्राणी त्यांस हलाल. हनफी पंथाच्या मुसलमानास मात्र शेवंड खाणें अप्रशस्त. एकाच बाजारांत, एकाच पाटीवरची वस्तु, आणि तिच्याकडे पाहण्याच्या दृष्टि इतक्या भिन्न!

परंतु सर्वांत बोलकें उदाहरण बेने इस्राएलांचें. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी या यहुदी समाजाची परंपरा आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवीत व शनवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. भाषा मराठी, पेहराव मराठी, आडनांवें गांवांवरून पडलेलीं आणि ‘कर’ लागून संपणारीं. ग्रंथ हरपले होते, हिब्रू भाषा विसरली गेली होती. पुढें डेव्हिड रहाबी नांवाचा एक यहुदी तेथें आला. त्याला हे लोक यहुदी असावेत अशी शंका आली, आणि तिची परीक्षा त्यानें तर्कशास्त्रानें न करतां स्वयंपाकघरांत केली. नाना प्रकारची मासळी एकत्र करून त्यानें ती तेथील बायकांस रांधावयास दिली. त्यांनीं खवल्यांची व परांची मासळी निवडून घेतली आणि बाकीची बाजूस सारली. यहुदी धर्मशास्त्राचा दंडक नेमका तोच आहे. शेवंड, कोळंबी, चिंबोरी हीं सारीं त्यांत वर्ज्य. रहाबीची खात्री पटली. हा रहाबी कोणत्या शतकांतला याविषयीं मतैक्य नाहीं. कोणी त्याला हजार वर्षें मागें नेतात, कोणी अठराव्या शतकांत आणून बसवितात. गोष्टीचें मोल त्यामुळें उणें होत नाहीं. जें पोथीवांचून टिकलें तें चुलीपाशीं टिकलें, आणि तें टिकविणाऱ्या बायका होत्या. १९४८ नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं. आपल्या किनाऱ्यावर आतां त्यांचीं मोजकींच घरें राहिलीं आहेत.

आतां पावाकडे वळूं. शेवंड या किनाऱ्याची माहेरवाशीण, तर पाव हा घरजांवई म्हणावा लागेल. गहूं कोकणांत पिकत नाहीं. येथील अन्न भात. पाव हा शब्दच पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज चौलास आले ते लढतच. १५०८ मध्यें चौलच्या खाडींत इजिप्त व गुजराथ यांच्या आरमारांशीं झालेल्या लढाईंत त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढें १५२१ मध्यें त्यांनीं निजामशहाच्या संमतीनें रेवदंड्यास आपलें ठाणें बांधण्यास आरंभ केला. १५७०-७१ मध्यें त्याच निजामशाहीचा वेढा त्यांनीं परतविला. १५९४ मध्यें समोरचा कोर्लईचा डोंगर घेतला. १७४० मध्यें हें सर्व मराठ्यांच्या हातीं आलें. म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ रेवदंड्याच्या तटाच्या आंत पोर्तुगीजांची वस्ती होती, आणि तटाबाहेर कुंडलिकेच्या मुखाशीं शेवंडीस मानवणारा चिखल होता. पोर्तुगीज गेले, परंतु कोर्लईच्या पायथ्याशीं त्यांनीं बाटविलेल्या लोकांची एक वाडी राहिली. गोव्याशीं संबंध तुटून पावणेतीनशें वर्षें लोटलीं तरी हे लोक घरांत पोर्तुगीजोद्भव बोली बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असें म्हणतात. सुमारें हजार माणसांची ही भाषा आहे, आणि तिच्यांत मराठीचें मिश्रण इतकें आहे कीं लिस्बनच्या माणसास ती ऐकून बुचकळ्यांतच पडावें लागेल.

मग पाव आणि शेवंड यांची गांठ तेव्हांच कां पडली नाहीं? ख्रिस्ती घरांत ती पडलीही असेल. पण ज्या बहुजन समाजाच्या हातीं मासळी होती त्याला पाव शिवणें शक्य नव्हतें. पावाचें पीठ फुगविण्यासाठीं गोमंतकांतील भटारी माडाची ताडी घालीत. त्यांत तो ख्रिस्ती हातानें मळलेला. उत्तर कोकणांत अशी आख्यायिका आहे कीं पाद्री लोक गांवच्या विहिरींत पाव टाकीत, आणि तें पाणी न कळत प्यालेलें सारें गांव बाटलें असें ठरून जाई. असें प्रत्यक्षांत किती वेळां घडलें हा निराळा प्रश्न. पण ज्या समाजांत ही गोष्ट खरी वाटली, त्या समाजांत पावाच्या एका तुकड्यास केवढें सामर्थ्य होतें हें तीवरून कळतें. तुकड्यानें माणूस जातीबाहेर जाई!

या सामर्थ्याचा उलट उपयोग एकोणिसाव्या शतकांतील सुधारकांनीं करून घेतला, हें आमच्या सामाजिक इतिहासांतील एक मोठें मनोरंजक प्रकरण आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईस दादोबा पांडुरंग प्रभृति मंडळींनीं परमहंस सभा स्थापिली. जातिभेद मोडणें हा तिचा हेतु. सभासद होऊं इच्छिणारास दीक्षा काय, तर ख्रिस्ती माणसानें केलेला पाव सर्वांदेखत खाणें. देखत म्हणजे अर्थात् दार लावून, कारण सभा गुप्त होती. पुढें १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नांवें उघडकीस येण्याची भीति उत्पन्न झाली आणि सभा मोडली. ज्यांनीं धैर्य करून पाव गिळला, त्यांस तो गिळला हें जगास कळण्याचें धैर्य झालें नाहीं. त्यांस हंसणें सोपें आहे. पण तीस वर्षांनंतर, १८९० च्या ऑक्टोबरांत, पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहाबिस्किटांवरून केवढें वादळ झालें आणि रानड्यांसारख्या माणसासही प्रायश्चित्त घ्यावें लागलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या बिचाऱ्यांच्या दारास लागलेली कडी समजूं शकते. आज ज्या पावांत आम्ही वडा दडपून रस्त्यांत उभ्याउभ्यानें खातों, तो पाव आमच्या पणज्यांनीं असा कडीकुलुपांत खाल्ला होता.

तिसरें अंग कोशिंबिरीचें. सालड या शब्दाचें मूळ लॅटिनमधील मिठाच्या शब्दांत आहे. मीठ लावलेली ती सालड. या अर्थानें आमची काकडीची कोशिंबीर तिची सख्खी बहीणच. फरक मांसाचा आणि गारपणाचा. आमच्याकडे मासळी खावयाची ती वाफाळलेली. शिळी व गार मासळी म्हणजे पोट बिघडण्याचें आमंत्रण. उष्ण देशांत तें शहाणपणच होतें. साहेबाच्या देशांत हवाच गार. मिसेस बीटन हिच्या १८६१ च्या सुप्रसिद्ध गृहव्यवस्थेच्या ग्रंथांत शेवंडीची सालड आहे, आणि तो ग्रंथ घेऊन मडमा हिंदुस्थानांत आल्या. पण येथें ताजी शेवंड उन्हांत तासाभरांत खराब होई. तेव्हां विलायतेहून आलेल्या डब्यांतील मासळीवर त्या मेजवान्या साजऱ्या करीत. मद्रासेच्या कर्नल केनी-हर्बर्ट यानें ‘वायव्हर्न’ या टोपणनांवानें १८७८ मध्यें पाकशास्त्रावर पुस्तक लिहिलें, त्यांत या डबेबाजीची त्यानें चांगलीच टर उडविली आहे. बर्फ नव्हता असें नाहीं. बोस्टनच्या तळ्यांतील बर्फ १८३३ मध्यें जहाजानें कलकत्त्यास आला व लौकरच मुंबईसही येऊं लागला. पण तो साहेबांच्या आणि जमशेटजी जिजीभाईंसारख्या धनिकांच्या पेल्यांसाठीं. अलिबागच्या कोळणीच्या पाटीपर्यंत तो पोंचण्यास आणखी शतक जावें लागलें. मराठींतही स्त्रियांसाठीं पाकशास्त्राचीं पुस्तकें निघूं लागलीं होतीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० च्या ‘गृहिणीमित्रा’त पाठारे प्रभूंच्या घरचें मत्स्यमांसाचें भांडार उघडें झालें. तरीही शेवंडीची जागा किनाऱ्यावर होती ती कालवणांत किंवा निखाऱ्यावर. ओलें खोबरें, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर यांचें वाटण आणि वर आमसूल. त्या कालवणापुढें बलकाचा रस मला तरी फिका वाटतो.

तथापि फिका म्हणून टाकाऊ नव्हे. घरीं करून पाहणारांसाठीं रीत सांगतों. शेवंड जिवंतच घ्यावी. उचलतांच शेपूट आंत ओढून फडफडवील ती खरी. लोंबती राहील ती सोडून द्यावी, कारण मेल्यावर तिच्या शरीरांतील रसच तिचें मांस मऊ पाडूं लागतात व तें पिठासारखें होतें. घरीं आणल्यावर अर्धा तास बर्फांत ठेवावी, म्हणजे ती बधिर होते. जिवंतपणीं तशीच आधणांत लोटणें क्रूरपणाचें आहे. समुद्राच्या पाण्यांत दर शेरास, म्हणजे आतांच्या लिटरास, सुमारें ३५ ग्रॅम मीठ असतें. तितकेंच मीठ आधणांत घालावें. अर्ध्या किलोची शेवंड आठ-दहा मिनिटांत होते. अधिक शिजविल्यास रबर होईल, आणि दोष शेवंडीस लागेल. शिजल्यावर शेपूट गच्च वळलेली राहिली तर ती भांड्यांत पडेपर्यंत जिवंत होती असें समजावें. ती गार करून, शेपूट पिळून वेगळी करावी. पोटाकडचें पातळ कवच कातरीनें दोहों बाजूंनीं कापून मांस सबंध काढावें, पाठीतील काळा दोरा काढून टाकावा आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करावे. बारीक करूं नयेत. तोंडांत शेवंड आहे हें कळलें पाहिजे.

रसासाठीं एका अंड्याचा बलक, चिमूटभर मोहरीची पूड, मीठ व अर्ध्या लिंबाचा रस घोंटून त्यांत गोडें तेल थेंबथेंब सोडीत घोंटीत जावें. येथें घाई करणाराचा रस फुटतो. वाटीभर तेल जिरून तें श्रीखंडाच्या चक्क्यासारखें झालें म्हणजे झालें. कच्चा बलक आपल्या हवेंत धोक्याचा. अंडें अगदीं ताजें नसेल तर सरळ चक्काच वापरावा, आणि माझ्या मतें आमच्या जिभेस तोच अधिक रुचतो. त्यांत कोंचविलेली काकडी पिळून, थोडा कांदा, एक हिरवी मिरची व कोथिंबीर घालावी. पाव लादीचा घ्यावा, वरून चिरावा, दोन्ही बाजूंस लोणी लावून तव्यावर तांबूस करावा. पाव ऊन आणि आंतील भरण गार, यांतच या पदार्थाची सारी गंमत आहे. म्हणून भरल्याबरोबर खावा. डोकें व पाय टाकूं नयेत. त्यांचें पाणी उकळून त्यावर दुसऱ्या दिवशीं सार करावें.

एवढा खटाटोप आतां परवडतो कोणास, हा प्रश्न येथें येतोच. अमेरिकेंत एके काळीं लॉबस्टर हें गरिबांचें अन्न होतें. नोकरांनीं आठवड्यांतून तीनदांपेक्षां अधिक तें वाढूं नये असा करार लिहून घेतल्याची गोष्ट सांगतात. असा करार कोणीं दाखविलेला मात्र नाहीं. आगगाड्या व डबे यांनीं तें दूरच्या शहरांत पोंचलें आणि महाग झालें. आपल्याकडे हेंच काम ससून गोदी, यांत्रिक होड्या आणि बर्फाच्या कारखान्यांनीं केलें. १८७५ मध्यें बांधलेली ही गोदी हळूहळू मुंबईची मासळीची पेठ झाली, आणि स्वातंत्र्यानंतर गोठविलेल्या शेवंडीच्या शेपटांस परदेशांत गिऱ्हाईक मिळालें. तेव्हांपासून मोठी शेवंड किनाऱ्याच्या चुलीवर क्वचित् चढते. कोळ्याच्या घरांत ती येते ती तंगडी मोडलेली किंवा अगदीं लहान. जिनें रहाबीला निवडून दाखविली ती बाई ती धर्मानें खात नव्हती. आज तिची शेजारीण कोळीण ती भावामुळें खाऊं शकत नाहीं.

आणि समुद्राच्या ताटांतही ती पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. शेवंडीची एक चपटी, मिशांऐवजीं फावड्यासारखीं पातीं असलेली भावंडजात मुंबईच्या समुद्रांत विपुल सांपडत असे. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनीं तिचा असा उपसा केला कीं १९९४ पर्यंत ती मासेमारी कोसळली. शेवंडीची मादी आपलीं अंडीं पोटाखालीं चिकटवून बाळगते, आणि अंड्यांतून निघालेलें कांचेसारखें पारदर्शक पिलूं कित्येक महिने प्रवाहांबरोबर भटकून मग तळाशीं उतरतें. म्हणजे आज मादी गेली तर उणीव ताबडतोब दिसत नाहीं. दिसते तेव्हां उशीर झालेला असतो. २००३ मध्यें भारत सरकारनें निर्यातीसाठीं किमान वजनें ठरविलीं. आपल्या हिरव्या चिखली शेवंडीस ३०० ग्रॅम, चपट्या जातीस १५०. पुढें २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनेंही कित्येक जातींच्या मासळीसाठीं किमान मापें जाहीर केलीं. पण घरगुती गिऱ्हाइकाच्या पिशवींत डोकावयास कोणी येत नाहीं, आणि शहरांतून शनवारी आलेला पाहुणा तर गाभोळीची शेवंड दिसली म्हणजे चवीस अधिक म्हणून तीच मागतो.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुनः पाण्यांत गेल्या म्हणजे रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन येथील बाजारांत शेवंडी येऊं लागतात. ज्यांस घरीं हा पदार्थ करून पाहावयाचा असेल त्यांनीं पाटीवरची शेवंड उलटी करून पाहावी. पोटाखालीं नारिंगी किंवा तपकिरी दाण्यांचा घोस असेल तर ती न घेतां दुसरी मागावी. तीनशें ग्रॅमांहून हलकी असेल तरी तेंच करावें. दुसरी नसेल, तर त्या दिवशीं पावांत कोळंबी भरावी. कृतींत कांहीं फरक नाहीं, फक्त शिजण्यास तीन मिनिटें पुरतात.